वस्तीतल्या पोरांसाठी संस्था काढताय? मग कोर्सचं नंतर बघा, आधी नोकरी देणारा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्यात आयटीत बरीच वर्षं झाली, आता येरवडा आणि ताडीवाला रोड भागातल्या १८ ते २५ वयाच्या पोरापोरींसाठी काहीतरी उभं करायचंय, तीन महिन्यांचा कॉम्प्युटर आणि इंग्लिशचा कोर्स डोक्यात आहे, पुढे त्यांच्यातून उद्योजक घडवायचेत, पण संस्था काढू की कंपनी, पैसे कुठून आणू, चालू नोकरी सोडू का, हे कळत नाहीये. मी याच कामात आहे, बॅचेस चालवल्यात, एचआरच्या केबिनबाहेर ताटकळत बसलेय, पोरींच्या आयांची बोलणी पण खाल्लीत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट, तो कोर्स सध्या बाजूला ठेवा. कोर्स वाईट आहे म्हणून नाही, तर पोराला एक्सेल येत नाही म्हणून तो घरी बसलाय हे गृहीतकच अर्धवट आहे. आपल्या घरातल्या पोराला तरी बारावीनंतर काय येत असतं हो? पण सोसायटीतले एखादे काका म्हणतात पाठव त्याला सोमवारी, बघू काय जमतंय. तो जातो, दोन महिने गोंधळ घालतो, उशिरा पोचतो, मेलमध्ये चुका करतो, आणि सगळे चालवून घेतात कारण काकांच्या ओळखीतला आहे. वस्तीतल्या पोराकडे ओळख नसते असं नाही, भरपूर असते, पण ती बिगारी कामावर, रिक्षा स्टँडवर, नाहीतर नगरसेवकाच्या ऑफिसात. तिथून मिळणारं काम पण कामच, मी नावं ठेवत नाही, फक्त तिथून वर जायला पायरी नसते. तुमच्या संस्थेने मुळात हे काकांचं काम करायचंय. आधी शब्द टाकायचा, नंतर पोरगा घसरला तर मागे उभं राहायचं. ट्रेनिंग त्याच्या मधला तुकडा आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात सोपा तुकडा.

बालगृहातून बाहेर पडलेल्या पोरांसोबत काम केलं की हे फार स्पष्ट दिसतं. अठरा पूर्ण झाले की बालगृह सुटतं, कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणगृहाची (पुढे राहायच्या जागेची) सोय आहे, गरज पडली तर तेवीसपर्यंत, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण पण आहे. पण जॉइनिंग फॉर्मवर तातडीच्या संपर्कासाठी नाव-नंबर लिहायचा रकाना आला की पोरगा पेन हातात धरून थांबतो. तिथे कुणाचा नंबर लिहायचा, याचं उत्तर तुमच्या संस्थेकडे असलं पाहिजे, आणि रात्री अकराला त्या नंबरवर फोन आला तर तो उचलला पण गेला पाहिजे.

आता नोकरी देणारा शोधायचा म्हणजे काय करायचं. वस्तीपासून एका बसमध्ये, फार तर एक बस बदलून जिथे जाता येतं तेवढाच टापू धरा. चाकणच्या वेअरहाउसमध्ये कितीही जागा असू देत, येरवड्यातून रोज चाकण नाही झेपत, कंपनीची बस असेल तरच विचार करा. त्या टापूतली हॉस्पिटलं, मॉल, हॉटेलं, डायग्नोस्टिक लॅब, एसी-फ्रिज दुरुस्तीची सर्व्हिस सेंटरं, टू-व्हीलरचे डीलर, छोटे अकाउंटंट, सगळीकडे जाऊन एकच गोष्ट विचारायची: तुमच्याकडे कुठल्या कामावर माणूस टिकत नाही, आणि तो गेला की तुमचं काय अडतं? "तुम्हाला ट्रेनिंग झालेली मुलं हवीत का" असं अजिबात विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. पण माणूस टिकत नाही ही दुखरी नस आहे, त्यावर सुपरवायझर अर्धा तास बोलतो. अशा भेटी झाल्या की तुमचा कोर्स आपोआप ठरेल, आणि माझा अंदाज आहे की तो कॉम्प्युटर आणि इंग्लिश नसेल.

एचआरला पटवायला तुमच्या हातात एक चांगलं हत्यार आहे, ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार, त्यांचा कायदा १९६१ चा आहे आणि २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घेणारे घेतात, बाकीचे कानाडोळा करतात. तुम्ही गेलात आणि म्हणालात की हे तुम्हाला तसंही करायचंच आहे, सरकारी पोर्टलवरचं काम आम्ही करून देतो, पोरं आमची निवडलेली, शिवाय केंद्राच्या अप्रेंटिस प्रोत्साहन योजनेत (एनएपीएस) स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला कमाल १५०० रुपये, केंद्र सरकार भरतं, तर ही भीक मागितल्यासारखी भेट राहत नाही. आणि पोराच्या बाजूने बघितलं तर शिकताना हातात पैसे येतात, ही गोष्ट वस्तीत फुकट कोर्सपेक्षा कितीतरी मोठी आहे. फुकट कोर्स फुकट नसतो, तीन महिने कमाई बुडते ना त्याची.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पण याच धर्तीची, २०२४ मध्ये आली, बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीला १०,००० महिना, आधी सहा महिन्यांसाठी होती, मग पाच महिने वाढवले. पैसे मिळाले, अनुभव मिळाला, पण मुदत संपल्यावर पुढे काय हा प्रश्न तसाच राहिला, आणि त्यासाठी पोरं रस्त्यावर पण उतरली. म्हणून सांगते, कुठलीही योजना घेतलीत तरी ती पायरी म्हणून घ्या, तिच्या पुढची पायरी कुठे आहे ते आधी बघून.

आता जॉइनिंगनंतरचे पहिले काही महिने, कारण बहुतेक संस्था इथेच हात झटकतात. प्लेसमेंट झाली, पेढे वाटले, चीफ गेस्टच्या हस्ते सर्टिफिकेटं दिली, फोटो टाकला, विषय संपला. खरा खेळ तिथून सुरू होतो.

पगाराचंच घ्या. पोरगा पाच तारखेला लागला, पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. मधले तीस-बत्तीस दिवस बसभाडं, काळे बूट, दोन फॉर्मल शर्ट, बाहेरचा वडापाव, हे सगळं कुठून आणायचं? घरी पैसे मागितले की बाप म्हणतो नोकरी लागली ना तुला, मग माझ्याकडे काय मागतो. पंधराव्या दिवशी पोरगा यायचा बंद होतो, सुपरवायझर म्हणतो ही वस्तीतली पोरं अशीच, आणि तुमचं त्या कंपनीतलं नाव गेलं. यावर उपाय अगदी साधा आहे, एक छोटा फिरता निधी ठेवा, दोन-तीन हजार रुपये बिनव्याजी, पहिल्या तीन पगारांतून परत. बहुतेक पोरं परत करतात. जी करत नाहीत त्यांच्या घरी काहीतरी झालेलं असतं, तो पण एक निरोपच समजायचा.

मग पहिला पगार येतो आणि भांडण होतं. इंटरव्ह्यूत सांगितलं पंधरा हजार, खात्यात आले साडेतेरा. समजा बेसिक दहा हजार असेल तर पीएफ १२ टक्क्यांनी १२००, ईएसआय (कामगार विमा) पूर्ण पंधरा हजारांवर पाऊण टक्का म्हणजे ११३, व्यवसाय कर २००, राहिले १३,४८७. पोराला वाटतं फसवलं. घरच्यांना तर खात्रीच असते, कारण ठेकेदाराने आजवर त्यांना फसवलेलंच आहे. म्हणून जॉइनिंगच्या आधी सॅलरी स्लिप फळ्यावर लिहून एकेक ओळ समजवा, आणि कापलेले पैसे कुठे गेले ते पण दाखवा. ईएसआय म्हणजे आईच्या पण उपचाराचं कार्ड (पगार २१ हजारांच्या आत असेल तोवर, आणि आई त्याच्यावर अवलंबून असेल तर), हे कळलं की ११३ रुपयांचा राग जातो. पोरींना एक गंमत सांगायची, महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत बायकांना व्यवसाय कर नाही, म्हणजे शेजारच्या पोरापेक्षा तिच्या हातात दोनशे जास्त. वर्गात टाळ्या पडतात यावर.

कागदपत्रांवर मी वेगळं पुस्तक लिहू शकेन. आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बापाचा, बाप गावी, ओटीपी त्याच्या फोनवर. शाळेत असताना उघडलेलं खातं वापरात नाही म्हणून गोठलेलं. पॅन काढलेलंच नाही, किंवा कुठल्या तरी एजंटने काढून दिलं आणि जन्मतारीख चुकवून ठेवली. यातली एक गोष्ट अडली तरी पहिला पगार लटकतो. बॅचच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची फाइल लावायला घ्या, शेवटच्या आठवड्यात नको, कारण नाव दुरुस्तीला किती दिवस लागतील हे ब्रह्मदेव पण सांगू शकणार नाही.

पोरींचं गणित वेगळं आहे. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा पाणी भरायचं काम तिचं, धाकट्याचा डबा तिचा, आणि शिफ्ट सातची. किंवा शिफ्ट दुपारची, सुटायला रात्रीचे दहा, आणि गल्लीच्या तोंडाशी बसलेली टोळकी. भाऊ म्हणतो नको, आई गप्प. तुम्ही पोरीला कितीही आत्मविश्वासाचे धडे दिलेत तरी निर्णय तिचा एकटीचा नसतो, त्यामुळे आईला विश्वासात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर आयांना कामाची जागा दाखवायला नेण्याचा. कुठे बसते, बाथरूम कुठे, कॅमेरा आहे का, मॅडम कोण, सुटल्यावर बस कुठून. एकदा आईने बघितलं की ती भावाला गप्प करते.

दिल्लीच्या आझाद फाउंडेशनचं काम याच कारणासाठी अभ्यासा. २००८ पासून ते गरीब वस्त्यांतल्या बायकांना गाडी चालवायला शिकवतात, पण नुसतं स्टिअरिंग नाही, सोबत कायदा, स्वसंरक्षण, कागदपत्रं, घरच्यांशी कसं बोलायचं हे सगळं, म्हणून साध्या ड्रायव्हिंग क्लासपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि शिकवून झाल्यावर बाईला ड्रायव्हर म्हणून ठेवणार कोण? तर त्यासाठी सखा नावाची वेगळी कंपनी, जी बायकांसाठी बायकांनी चालवलेल्या गाड्या आणि शोफर पुरवते. शिकवणारी बाजू देणगीवर, नोकरी देणारी बाजू गिऱ्हाइकाच्या पैशावर.

हेच तुमच्या संस्था की कंपनी या प्रश्नाचं पण उत्तर आहे. दोन्ही लागू शकतात, पण एकदम नको. कोलकात्याच्या अनुदीप फाउंडेशनने २००७ मध्ये गरीब तरुणांना डिजिटल कामं शिकवायला सुरुवात केली, मग कामच पुरेसं नाही म्हटल्यावर २०१२ मध्ये आयमेरिट ही कंपनी उभी राहिली, जी आज जगभरातल्या कंपन्यांना एआयसाठी डेटा तयार करून देते. तुम्ही आयटीतले आहात म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिलं. आधी शिकवून बघा, गिऱ्हाईक दिसलं की कंपनी.

सुरुवातीला सेक्शन ८ कंपनी (नफा वाटून न घेणारी, संस्थेसारखीच) किंवा ट्रस्ट काढा. कारण पैसा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्यांची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे त्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावा लागतो, आणि रोजगारासाठी कौशल्य शिक्षण त्या यादीत बसतं. पण तो पैसा प्रायव्हेट लिमिटेडला मिळत नाही, नोंदणीकृत संस्था लागते, १२ए आणि ८०जी ही आयकराकडची नोंदणी लागते, २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. शिवाय ज्या कंपनीने तुम्हाला स्वतः स्थापन केलेलं नाही ती तुमची तीन वर्षांची कामगिरी मागते, म्हणजे पहिली तीन वर्षं मोठ्या सीएसआरची वाट बघत बसू नका. ओळखीतले देणगीदार, रोटरी, एखादी जुनी संस्था जिच्या छताखाली तुम्ही प्रकल्प चालवू शकाल, इथूनच सुरुवातीचा पैसा निघतो. सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल (जिथे सामाजिक संस्था लोकांकडून पैसा उभा करतात) तुम्ही वाचलं असेल, बंगळुरूची उन्नती ही २०२३ च्या अखेरीस तिथे लिस्ट झालेली पहिली संस्था, त्यांचं काम पण तरुणांना नोकरीला लावायचंच. चांगली गोष्ट आहे, पण ती बस्तान बसलेल्या संस्थांसाठी, तुमच्यासाठी इतक्यात नाही.

सीएसआरच्या पैशाचा एक रोग आहे तो आत्ताच सांगून ठेवते. कंपनीला आकडा हवा असतो, इतक्या लाखांत इतकी पोरं. मग पर हेड खर्च खाली ओढला जातो, आणि पहिली कात्री कुठे लागते तर जॉइनिंगनंतर फोन करणाऱ्या, घरी जाणाऱ्या ताईच्या पगाराला. कारण तिचं काम फोटोत दिसत नाही. प्रपोजलमध्ये तिचा पगार ट्रेनरच्या पगाराइतकाच दाखवा आणि तिथे हटून बसा. या बाबतीत २०२१ चा स्किल इम्पॅक्ट बाँड बघण्यासारखा आहे, राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ (एनएसडीसी), ब्रिटिश एशियन ट्रस्ट वगैरे मंडळी एकत्र आली, १ कोटी ४४ लाख डॉलरचा निधी, ५० हजार तरुण, त्यात ६० टक्के मुली-बायका, आणि पैसे नुसत्या ट्रेनिंगवर नाहीत तर पोरगी नोकरीला लागून तीन महिने टिकली का यावर जोडलेले. मला विचाराल तर तीन महिने पण कमीच, सहा हवेत. पण निदान प्रश्न बरोबर विचारला गेला.

आणि नोकरी देणाऱ्याकडून पैसे मागायला लाजू नका. एखादा कन्सल्टंट माणूस लावून देतो तर महिन्याच्या पगाराएवढी फी घेतो, आणि तुम्ही जास्त टिकणारा माणूस देऊन फुकट देता? सुरुवातीला युनिफॉर्मचा खर्च मागा, मग सहा महिने टिकला तर ठराविक रक्कम. जो पैसे देतो तोच सुपरवायझरला सांगतो की या पोराला जरा सांभाळून घे. पोरांकडून मात्र जपून. नोकरी लावतो म्हणून दहा-वीस हजार घेऊन पळालेले एजंट प्रत्येक वस्तीत होऊन गेलेत, तुम्ही जरा मोठी रक्कम मागितलीत की त्याच रांगेत जाल. तीनशे-पाचशे घ्या, हजेरी पूर्ण झाली की परत द्या, बास.

पुण्यातच बघायचं तर 'स्वच्छ' ही संस्था आहे. कचरा वेचकांची संघटना १९९३ ची, तिच्यातून २००८ मध्ये स्वच्छ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली, मनपाशी करार, आणि घरोघरी कचरा उचलायचे पैसे घरटी लोक देतात. तरुणांसाठीचं ट्रेनिंग वगैरे नाही ते, पण काम करणाऱ्याचीच मालकी आणि गिऱ्हाइकाचा पैसा, या दोन गोष्टी जुळल्या तर काय होतं हे समजायला एक दिवस त्यांच्यासोबत फिरा. तसंच तरुणांना कौशल्य शिकवणाऱ्या लाइटहाउसची केंद्रं बघा, मनपाच्या जागेत चालतात, आणि तिथे पोरगा आला की लगेच कोर्सला न बसवता आधी त्याच्याशी बोलणं, त्याला काय आवडतं-जमतं हे बघणं, मग स्किल, असा क्रम आहे. मुंबईत खेरवाडीची संस्था १९२८ ची, बाळासाहेब खेरांनी सुरू केलेली, त्यांचं युवा परिवर्तन १९९८ पासून शाळा सुटलेल्या पोरांसाठी चालतं. हे सगळं बघून मग स्वतःचं काढा. कदाचित बघितल्यावर वाटेल की नवीन संस्था काढण्यापेक्षा यातल्या एखादीत जाऊन त्यांची एम्प्लॉयर बाजू सांभाळावी. तसं वाटलं तर अजिबात कमीपणा मानू नका, आपल्याकडे संस्था उदंड आहेत, कंपन्यांशी नीट बोलू शकणारी माणसं कमी आहेत.

आता उद्योजक घडवायचं. इथे मी जरा कडक बोलणारे. एकोणीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या घरात कुणी आजारी पडलं की सावकार गाठावा लागतो, त्याला म्हणायचं मुद्रा कर्ज काढ आणि हो उद्योजक, हे मला पटत नाही. धंदा बुडाला तर आपल्या घरातला पोरगा घरी परत येतो, वस्तीतला पोरगा सिबिल (कर्जफेडीची पत) खराब करून घेतो आणि वर आईचं मंगळसूत्र जातं. दोन-तीन वर्षं नोकरी करू दे, दुसऱ्याच्या पैशाने धंदा कसा चालतो ते बघू दे, मग ज्याला खाज असेल तो स्वतःच येईल.

ज्यांना खरंच करायचंय त्यांच्यासाठी चांगली ठिकाणं आहेत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम, डॉ. कलबागांनी हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये सुरू केला, तिथे वर्षभर राहून पोरं फॅब्रिकेशन, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं हाताने करून शिकतात, आणि गावातली खरी कामं पैसे घेऊन करतात, त्यामुळे कोटेशन कसं द्यायचं आणि उधारी कशी वसूल करायची हे पण शिकतात. माझ्या मते हा यातला सगळ्यात मोठा धडा आहे. दुसरं म्हणजे आरसेटी, स्वयंरोजगाराचं ट्रेनिंग देणाऱ्या संस्था, बँका चालवतात, जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे, मूळ कल्पना १९८२ ची कर्नाटकातल्या उजिरेची. ट्रेनिंग फुकट, राहणं-जेवण फुकट, आणि महत्त्वाचं म्हणजे नंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा असं त्यांच्या रचनेतच आहे. प्रत्यक्षात पाठपुरावा किती चांगला होतो हे त्या त्या ठिकाणच्या माणसांवर, पण रचना बरोबर आहे. मात्र ही योजना ग्रामीण भागासाठी, शहरातल्या वस्तीला ती थेट लागू होत नाही, गावाकडे परत जायची तयारी असलेल्या पोरांना सुचवा.

करिअर म्हणाल तर ते पहिल्या नोकरीत दिसत नाही, दुसऱ्या नोकरीत दिसतं. हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. कोर्सचं नाव जनरल ड्युटी असिस्टंट, सर्टिफिकेट झकास, पण वॉर्डात तिला सगळे मावशीच म्हणणार आणि दहा वर्षांनी पण पगार तिथेच. म्हणून लागतानाच तिला दाखवायचं की इथून पुढे नर्सिंगचे कोर्स आहेत, एएनएम, दोन वर्षं, किंवा जीएनएम, तीन वर्षं, नाहीतर डायलिसिस किंवा ऑपरेशन थिएटर टेक्निशियन, आणि त्यासाठी बारावी लागते, नसेल तर बाहेरून परीक्षेला बसायला आत्ताच सतरा नंबरचा फॉर्म भर. फीसाठी शिष्यवृत्ती कुठली, बार्टी-सारथी-महाज्योती या सरकारी संस्थांचं काय लागू पडतं, हे शोधायला बसा तिच्यासोबत. मॉलमध्ये लागलेल्या पोराने मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं तर तीन वर्षांनी स्टोअर मॅनेजरच्या इंटरव्ह्यूला तो बसू शकतो, नाही केलं तर बाहेरून आलेला पदवीधर त्याच्या डोक्यावर बसतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या नवगुरुकुलसारखं निवासी मॉडेल, जिथे गरीब घरातल्या मुलींना राहून प्रोग्रामिंग शिकवतात, ते थेट वरच्या पायरीवर नेतं, पण त्याला वेळ, जागा, पैसा सगळंच जास्त लागतं. तुम्ही आयटीतले म्हणून मोह होईल, पहिल्या वर्षी आवरा.

मोजायचं असेल तर माझा नियम असा की पोरगा लागला त्या दिवशी काहीच मोजू नका. सहा महिन्यांनी तो कुठे आहे, पगार किती, आणि पहिली नोकरी सोडली असेल तर दुसरी आमच्याशिवाय मिळवली का, हे बघा. दुसरी स्वतः मिळवली तर तो सुटला म्हणायचा, आता त्याची स्वतःची ओळख तयार झाली. आणि अशा पोरांना धरून ठेवा, कारण दोन वर्षांनी तेच त्यांच्या मॅनेजरला सांगतात की आमच्या सेंटरची अजून दोन पोरं घ्या.

सुरुवात कधी करायची? बारावीचा निकाल लागला की जूनमध्ये बॅच भरते, आणि ऑगस्टअखेर तयार झाली तर दिवाळीच्या मॉलच्या भरतीत बसते. पण पुण्यात आहात, तर गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना संध्याकाळचा वर्ग ठेवू नका. अर्धी पोरं ढोल-ताशाच्या सरावाला जाणार, ओरडून उपयोग नाही, सकाळची वेळ घ्या. पहिली बॅच वीसच्या वर नको, त्यात निम्म्या तरी पोरी हव्यात, आणि बॅच सुरू व्हायच्या आधी निदान तीन ठिकाणांहून किती माणसं घेणार हे लेखी, मेलवर का होईना, हातात असू दे.

नोकरी एवढ्यात सोडू नका. पण सगळं शनिवार-रविवारवर पण टाकू नका, कारण शनिवार-रविवारी एचआर भेटत नाही आणि हॉस्पिटलची मेट्रन तर नाहीच नाही. तुमच्या मॅनेजरशी बोलून आठवड्यातला एक वर्किंग डे मोकळा होतो का बघा, पगार थोडा कापला गेला तरी चालेल, आणि पुढचे दोन-तीन महिने तो दिवस फक्त कंपन्यांच्या दारात घाला. त्या भेटींत कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा आणि मग परत विचारा, तेव्हा कोर्स काय ठेवायचा यावर बोलू.